होमरकडे 'स्वतः' म्हणजे देहच

ग्रीक लोक पहिल्यापासून देहाला आत्म्याचा तुरुंग मानत, असं एकांनी लिहिलंय. प्लेटोपुरतं ते ठीक, पण 'पहिल्यापासून' अजिबात पटत नाही. होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या पहिल्या पाच ओळीच बघा. ग्रीक योद्धा अकिलीसच्या क्रोधाने कित्येक वीरांच्या 'सायकी' (म्हणजे आत्मे) हेडीसकडे, मृतांच्या जगात धाडल्या आणि 'त्यांना स्वतःला' कुत्र्यापाखरांच्या तोंडी दिलं. म्हणजे 'स्वतः' कोण, तर रणात पडलेला देह! सायकी नुसती छाया. होमरच्याच 'ओडिसी'त नायक ओडिसियस मेलेल्या आईला मिठी मारायला तीनदा पुढे होतो आणि तिन्ही वेळा ती सावलीसारखी हातातून निसटते. तो प्रसंग वाचताना मला अजूनही गलबलून येतं. राग, धैर्य, दुःख हे सगळं होमरकडे राहतं ते छातीतल्या 'थूमॉस'मध्ये, सायकीत नाही.

आता इ.स.पू. ३९९ मधली अथेन्सची कोठडी, सॉक्रेटिसला मृत्युदंड झालाय. प्लेटोच्या 'फीडो' या संवादात त्याचा मित्र क्रिटो विचारतो, तुला पुरायचं कसं? सॉक्रेटिस हसून म्हणतो, हवं तसं पुरा, मी तुमच्या हाती लागलो तर! थोड्या वेळाने दिसणारं प्रेत म्हणजे मी, असं क्रिटोला वाटतंय, हीच सॉक्रेटिसची तक्रार. इथे 'मी' देहातून उठून सायकीत जाऊन बसलाय. आणि प्लेटोच्याच अकादमीत वीसेक वर्षं काढलेल्या अॅरिस्टॉटलला हेही मान्य नाही. तो म्हणतो, आत्मा आणि देह एक की दोन हे विचारणं म्हणजे मेण आणि त्यावरचा ठसा एक की दोन असं विचारण्याइतकंच निरर्थक. डोळा हा प्राणी असता, तर दृष्टी हाच त्याचा आत्मा झाला असता.