सी झालं, आता पुढं काय? जावा, पायथन का रस्ट? सल्ला द्या

उदगीरकर
राम राम मंडळी. बीएस्सी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात प्रोग्रॅमिंगची सी भाषा शिकवली, ती पण टर्बो सी ह्या जुन्या सॉफ्टवेअरमधी, तीच निळी स्क्रीन. आता यूट्यूबवाले म्हणायलेत पायथन घे, पुण्यात क्लास लावलेला मित्र म्हणतो जावाबिगर नोकरी नाही, अन् रूममेट दिवसभर रस्ट रस्ट करायलाय. लॅपटॉपला रॅम ४ जीबी, क्लासची फी परवडत नाही. सगळंच थोडं थोडं बघायलो पण धड कायच होईना. कुठून धरू?

गोदाकाठ
भावा, मी पण त्याच निळ्या स्क्रीनवरून आलो, नंतर पीएचपी, जावा, पायथन, आता नोकरीत गो नावाच्या भाषेत लिहितो. मी एक केलं, प्रत्येक नव्या भाषेत पहिला प्रोग्रॅम एकच लिहिला, आडतीवरची सोयाबीनची पट्टी. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली तोलाई वजा, बास.

टर्बो सी मधी १० क्विंटल गुणिले ४००० केलं तर उत्तर आलं -२५५३६. म्हणजे माल घालून शेतकरीच देणेकरी! कारण तिथं इंट (पूर्णांक ठेवायची जागा) १६ बिटचा, ३२७६७ च्या वर गेलं की आकडा उलटून मायनसमधी जातो, अन् कंपायलर (आपला कोड मशीनच्या भाषेत करणारा प्रोग्रॅम) चकार शब्द काढत नाही. जावात इंट ३२ बिटचा, २१४ कोटीपर्यंत चालतंय, पण त्याच्या वर गेलं की तिथं पण गुपचूप उलटतंय. पायथनमधी पूर्णांकाला तशी मर्यादाच नाही, मेमरी असेल तितका मोठा आकडा धर.

जावास्क्रिप्टची तर वेगळीच तऱ्हा, फॉर्ममधून आलेलं ४००० अन् १५० मजकूर म्हणून येतंय, वजाबाकी केली तर बरोबर ३८५०, अन् बेरीज केली तर ४०००१५० असं चिकटवून देतंय. ब्रेंडन आइकनं १९९५ ला १० दिवसांत पहिलं रूप उभं केलं म्हणतात, ते अशा वेळी पटतंय.

तर तू पायथन धर, ४ जीबीत आरामात चालतंय अन् डोकं भाषेत न अडकता कामात राहतंय. पण टर्बो सी काढून टाक अन् जीसीसी हा फुकटचा कंपायलर टाकून तीच पट्टी सी मधी एकदा लिही, पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारं व्हेरिएबल) कळल्याबिगर सोडू नको.

बीडची_ताई
गोदाकाठ दादांचं पटतंय पण पायथनवर सगळं सोडू नका. मी सर्व्हिस कंपनीत आहे, फ्रेशरच्या मुलाखतीत माझा अनुभव असा की जावा अन् एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) विचारतातच. एसक्यूएल तर कुणी शिकवायला बसत नाही अन् रोज तेच लागतं. जॉइन (दोन तक्ते जोडणं) अन् ग्रुप बाय (गटानुसार बेरीज) हातानं लिहून बघा, नुसते व्हिडिओ बघून येत नाही ते. फुकटात आयआयटीवाल्यांचे एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स आहेत, हार्वर्डचा सीएस५० कोर्स आहे.

जुना_लातूरकर
पट्टीचा प्रोग्रॅम लई आवडला 😀 फक्त पैसे फ्लोटमधी (दशांश आकड्यांच्या प्रकारात) ठेवू नका रे, पायथनमधी ०.१ अन् ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ दिसते. सगळं रुपयांऐवजी पैशांत धरून पूर्णांक ठेवा नाहीतर डेसिमल (दशांश अचूक धरणारा प्रकार) वापरा. आडत्याला चार आणे कमी पडले तर तो रात्री अकराला फोन करतो.

उदगीरकर
लई आभार सगळ्यांचे. आत्ताच टर्बो सी मधी १० गुणिले ४००० करून बघितलं, खरंच -२५५३६ आलं! रूममेटला दाखवलं तर तो म्हणतो रस्टमधी असं होतच नाही.

गोदाकाठ
अर्धं खरंय त्याचं. डीबग बिल्डमधी (चाचणीसाठी बनवलेल्या प्रोग्रॅममधी) रस्ट तिथंच पॅनिक होऊन थांबतंय, पण रिलीज बिल्डमधी (लोकांना वापरायला द्यायच्या प्रोग्रॅममधी) ती तपासणी मुद्दाम चालू केली नाही तर तिथं पण आकडा उलटतोच. भाषा चांगलीय, पण मेमरी कुणाच्या मालकीची ह्यावरून कंपायलर जी भांडणं काढतो ती समजायला आधी सी मधी हात पोळलेले असले तर बरं पडतंय. नोकरी लागू दे, मग घे ती.

उदगीरकर
बरं. ताई, एसक्यूएलसाठी मायएसक्यूएल हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर टाकू का ह्या लॅपटॉपवर?

बीडची_ताई
एसक्यूलाइट टाका आधी. सर्व्हर लागत नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलीत. पट्ट्या त्यातच साठवा अन् गावानुसार बेरीज काढा, ग्रुप बाय तिथंच येईल.