रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक) दोन-तीन दिवस बंद राहिला की अनबाउंड (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस सर्व्हर) 'सर्व्हफेल' ही चूक देतो

प्रश्न: रीबूटनंतर सर्व्हिस चालू दिसते, पण एकाही साइटच्या नावाचा पत्ता मिळत नाही. काय तपासू?

उत्तर १: 'डिग' या डीएनएस तपासायच्या कमांडला '+सीडी' (सह्या तपासू नका) लावा. आता उत्तर आलं, तर डीएनएससेक (डीएनएस उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची तपासणी) अडतंय. पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही, त्यामुळे वेळ मागे राहते. अनबाउंड मुळात जास्तीत जास्त १ दिवसाचा फरक चालवून घेतो; पुढे सह्या अवैध. वेळ जुळवायला एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घेणारी सेवा) हवं, एनटीपीचा पत्ता शोधायला डीएनएस. इथेच गाठ बसते.

उत्तर २: अनबाउंडच्या कॉन्फिगमध्ये 'सर्व्हर:' भागात 'डोमेन-इनसिक्युअर: "पूल.एनटीपी.ऑर्ग"' टाका, म्हणजे एवढ्या नावापुरती सही तपासली जाणार नाही, आणि अनबाउंड रीस्टार्ट करा. कृपया डीएनएससेक सरसकट बंद करू नका.

उत्तर ३: पक्का इलाज डीएस३२३१ मॉड्यूल (बॅटरीवरचं घड्याळ). पायच्या 'कॉन्फिग.टीएक्सटी'मध्ये 'डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१' लिहा, फेक-एचडब्ल्यूक्लॉक (शेवटची वेळ साठवून घड्याळाची जागा भरणारा प्रोग्राम) काढून टाका.