सोलापूरचे ऊन आणि लगेच बिथरणारी त्वचा: आपापले अनुभव लिहावेत

बँक कर्मचारी, होटगी रस्ता

मार्च अर्धा सरला की दुपारी बाराच्या सुमारास माझ्या गालांवर एक ठरावीक चुरचूर सुरू होते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली क्षणभर पायाखाली नाहीशी होते. जुलै संपून ऑगस्ट लागता लागता तो पुन्हा तसाच माथ्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असल्यामुळे आपण गाफील राहतो. ढगांमुळे उष्णता अडते, मात्र त्वचेला बाधणारे अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात खाली पोहोचतात, हे मला श्रावणातल्या एका रविवारी सिद्धेश्वर तलावाच्या काठी दोन तास बसून आल्यावर लाल झालेल्या नाकाने शिकवले.

या धाग्यात ‘कोणते क्रीम चांगले’ एवढेच विचारायचे नाही, कारण तो प्रश्न विचारून मी तीन वर्षांत सात नळ्या विकत घेतल्या आणि त्यांतल्या पाच घरातल्या इतरांनी संपवल्या. काय लावल्याने बरे वाटले यापेक्षा काय बंद केल्याने त्वचा शांत झाली, हे जाणून घेण्यात मला अधिक रस आहे.

सुरुवात माझ्यापासून करते. पहिले सनस्क्रीन एसपीएफ 50चे आणि छान वासाचे होते. ते लावून स्कूटीवरून सात रस्त्यापर्यंत पोहोचेतो घामाबरोबर डोळ्यांत उतरायचे आणि पापण्या सुजायच्या. मला वाटले, माझ्या त्वचेला सनस्क्रीनच सोसत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र दोन आठवडे चेहऱ्यावरचे सगळे बंद करायला सांगितले: फेसवॉश, गुलाबपाणी, रविवारचा बेसन-हळदीचा लेप आणि रात्रीचे सीरमसुद्धा. फक्त सौम्य, बिनवासाचे क्लीन्झर आणि साधे मॉइश्चरायझर ठेवले. निम्मी आग त्यानेच गेली. उरलेली निम्मी माझ्या स्कार्फमध्ये होती. मी तो सुगंधी कंडिशनरमध्ये बुडवून वाळवत असे आणि तोच घामेजलेला, वासाचा कपडा रोज चाळीस मिनिटे गालांवर घट्ट आवळून बांधत असे. आता स्कार्फ साध्या पाण्यातून दोनदा खळबळून काढते आणि रोज बदलते.

त्यानंतर बिनवासाचे, झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन आणले, पण ते थेट चेहऱ्याला लावले नाही. आठ दिवस कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी सकाळ-संध्याकाळ लावून पाहिले आणि नंतर तीन दिवस कानामागे. ते निभावले. थोडा पांढुरका थर दिसतो खरा, आणि पहिल्याच दिवशी कॅशिअर काकांनी ‘ताई, पीठ लागलंय गालाला’ असे सांगितले, पण आता सगळ्यांना सवय झाली आहे.


शेतकरी, मोहोळ तालुका

ताई, तुमचा स्कार्फ वाचून मला माझे गवत आठवले. वयाच्या पंचेचाळिशीत माझा चेहरा, मान आणि हात एका पावसाळ्यानंतर इतके खाजू लागले की रात्री झोप लागेना. त्वचा जाड झाली, काळवंडली, तिला भेगा पडल्या. उन्हात गेले की वाढायचे, म्हणून घरच्यांनी आणि गावातल्या सर्वांनी ‘उन्हाची ॲलर्जी’ असे नाव ठेवून टाकले. मुलाने पुण्याहून सनस्क्रीन पाठवले. मीही ते ज्वारीची खुरपणी करताना इमानाने लावत राहिलो आणि खाज इमानाने वाढत राहिली.

सोलापुरातल्या डॉक्टरांनी चेहरा खिडकीजवळ नेऊन पाहिला आणि एक गोष्ट दाखवली, ती मला अजून लक्षात आहे. नुसत्या उन्हाने होणाऱ्या त्रासात वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग आणि कानामागची जागा बहुधा वाचते, कारण तिथे सावली असते. माझ्या तर पापण्याच सर्वांत जास्त सुजल्या होत्या, मानेच्या वळ्या आणि कोपराचे खळगेही भरले होते. याचा अर्थ, त्रास देणारी वस्तू वाऱ्याबरोबर उडून येत होती आणि घडीघडीत साठत होती. पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिल्या. गाजरगवताची जागा लाल होऊन फुगली होती. आमच्याकडे त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. बांधावर, विहिरीकडेला, रस्त्यालगत, कुठे नाही ते? आणि मी ते वर्षानुवर्षे उघड्या हातांनी उपटून बांधावरच वाळत टाकत आलो होतो. वाळलेल्या गवताचा भुगाही तितकाच बाधतो, हे मला ठाऊक नव्हते.

डॉक्टरांनी असेही सांगितले की हे अनेक वर्षे अंगावर काढले तर पुढे त्वचेला खरोखरच ऊन सोसेनासे होते, आणि माझे थोडेफार तसे झालेच आहे. आता गवत फुलोऱ्यावर येण्याआधीच, पाऊस झाल्यावर माती ओली असताना, मजुरांना हातमोजे देऊन मुळासकट काढून घेतो. मी स्वतः त्या दिवशी शेतात जात नाही. शेतातून आलो की आधी अंघोळ आणि मग चहा. धुतलेले कपडे बांधाकडच्या तारेवर न घालता माळवदावर वाळत घालतो. गोळ्या-मलमे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत. सनस्क्रीनही लावतो, पण ते आता शेवटचे काम आहे.


सरबताची गाडी चालवणारा, पार्क चौकाजवळ

माझी गोष्ट छोटी आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसाला शेकड्याने लिंबे पिळतो. पहिल्या वर्षी बोटांवर आणि मनगटावर भाजल्यासारखे फोड आले आणि नंतर काळे ओघळ उमटले, तेही रस जिथून वाहिला त्याच वाटेने. मला वाटले स्टोव्हची वाफ लागली असेल, पण आमच्या गाडीवर स्टोव्हच नाही. सिव्हिलमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की लिंबाच्या सालीत आणि रसात असलेले एक द्रव्य त्वचेवर राहिले आणि त्यावर ऊन पडले की भाजते, आणि ते लगेच न दिसता एक-दोन दिवसांनी दिसते, म्हणून कारण ध्यानात येत नाही. ही ॲलर्जी नव्हे, कोणालाही होऊ शकते. आता लिंबे सकाळी घरातच पिळून रस बाटलीत भरतो आणि हात साबणाने धुऊन मगच गाडी लावतो. काळे ओघळ जायला चार महिने लागले. चेहरा उजळावा म्हणून लिंबू चोळून उन्हात निघणाऱ्या भगिनींनी माझे हात पाहायला यावे.


शिवणकाम करणारी, अशोक चौक परिसर

आमच्या घरी तेलुगू बोलतात, मराठीत चूक झाली तर सांभाळून घ्यावे. पुतणीच्या लग्नाआधी जावेने मला एक मलम दिले. तिने ते दुकानातून चिठ्ठीशिवाय आणले होते. आठ दिवसांत चेहरा असा उजळला की लग्नात सगळ्यांनी विचारले. मग मी ते सोडलेच नाही. दीड वर्ष रोज रात्री लावले.

हळूहळू असे झाले की चुलीपुढे उभे राहिले तरी गाल पेटायचे आणि उन्हात पाच पावले टाकली तरी तिखट लावल्यासारखे व्हायचे. गालावर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, लव वाढली, हनुवटीवर फोड आले. दोन दिवस मलम बंद केले की चेहरा सुजायचा, म्हणून घाबरून पुन्हा लावायची. मी ‘माझी त्वचा नाजूक आहे’ असे सगळ्यांना सांगत होते. ती जन्मतः तशी नव्हती, मी तशी केली होती.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या नळ्या पिशवीत घालून आणायला सांगितले. त्या मलमात स्टेरॉइड होते. त्यांनी मला नळीवर वाचायला शिकवले: बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन. यांतले काहीही गोरेपणासाठी चेहऱ्याला लावायचे नाही. ही औषधे वाईट नाहीत, इसबासारख्या रोगात नेमक्या दिवसांसाठी ती डॉक्टरच देतात, पण रोजची क्रीम म्हणून त्यांनी त्वचा पातळ होते. त्यांनी माझे मलम स्वतःच्या देखरेखीखाली सोडवले. पहिले दीड-दोन महिने फार वाईट गेले. त्या काळात एकही सनस्क्रीन सोसवले नाही, म्हणून मी छत्री घेतली आणि लोक हसले तरी जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेलाही छत्री घेऊनच गेले. आता झिंकचे सनस्क्रीन चालते. शिरा थोड्या अजून आहेत.


औषध दुकानदार, जुळे सोलापूर

वरच्या भगिनींचा अनुभव वाचून अपराधी वाटले, कारण आमच्याच व्यवसायातून ही मलमे सहज दिली जात होती. 2018 मध्ये सरकारने नियम कडक केले आणि अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. तरीही ‘मागच्या वेळचीच द्या’ असे म्हणणारे गिऱ्हाईक रोज एक तरी येते.

सनस्क्रीनच्या वेष्टनाबद्दल थोडे लिहितो. एसपीएफ हा आकडा मुख्यतः त्वचा भाजवणाऱ्या यूव्हीबी या अतिनील किरणांपुरता आहे. 30च्या क्रीममधून त्यांचा सुमारे तीसावा भाग आत येतो आणि 50च्यामधून पन्नासावा, म्हणजे अडवले जाणारे प्रमाण साधारण 97 आणि 98 टक्के. फरक एवढाच. यूव्हीए या दुसऱ्या अतिनील किरणांसाठी ‘पीए’पुढची ‘+’ ही चिन्हे किंवा ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द पाहावेत. पण हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावून काढलेले असतात, आणि आपण सहसा त्याच्या निम्मेही लावत नाही. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट यांवर लांबीभर दोन रेघा, हे व्यवहारातले माप आहे. त्या मापाने 50 ग्रॅमची नळी रोज एकदा लावली तरी दीड महिन्याच्या आसपास संपायला हवी. आमच्याकडे तीच नळी वर्षभराने न्यायला येणारे लोक ‘काही उपयोग होत नाही’ अशी तक्रार करतात. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावावे लागते.

ज्यांची त्वचा चटकन बिथरते त्यांनी घटकांच्या यादीत ‘पर्फ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ आधी शोधावे. ‘नैसर्गिक’ म्हणून घातलेली सुगंधी तेलेही तितकीच टोचू शकतात. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या वस्तूत वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो, ‘फ्रेग्रन्स फ्री’ वेगळे. वांग, म्हणजे चेहऱ्यावरचे काळसर डाग, असणाऱ्यांना रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेले सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते, कारण वांग साध्या दृश्य प्रकाशानेही गडद होते, आणि आपल्या सावळ्या वर्णावर त्याचा पांढुरका थरही दिसत नाही.


यंत्रमाग कारखान्यातले मुकादम, अक्कलकोट रस्ता

सगळे क्रीमवर लिहीत आहेत, म्हणून मी कापडावर लिहितो. माझ्या अंगाला कोणतेही क्रीम लावले की तासाभरात घामोळे उठते, त्यामुळे माझा सगळा भरवसा विणीवर आहे. कापड उजेडासमोर धरावे. ताणा-बाणा यांच्यामधून जितका उजेड दिसतो, तितके ऊनही आत येते. पातळ पांढरे सुती कापड थंड वाटते, पण त्यातून अतिनील किरणांचा पाचवा-सहावा भाग आत जाऊ शकतो आणि ते घामाने ओले झाले की आणखी जास्त. दाट विणीचे, गडद रंगाचे, अंगाला न चिकटणारे कापड चांगले. आमच्या सोलापुरी चादरीतून काहीच आत येणार नाही, पण ती मे महिन्यात पांघरून फिरा असे मी कोणाला सांगणार नाही. ताई, तुमचा स्कार्फ जर जॉर्जेटचा असेल तर तो सावली कमी आणि घर्षण जास्त देत असेल. दाट सुती घ्या, गडद रंगाचा, आणि रंग जातो का ते आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा, कारण सुटणारा रंगही त्वचेला त्रास देतो.


बँक कर्मचारी, होटगी रस्ता

काका, जॉर्जेटचाच होता. आज संध्याकाळी नवी पेठेत जाते.


निवृत्त मुख्याध्यापक, विजापूर रस्ता

सत्तर वर्षे ऊन सोसलेल्या माणसाचे हात अचानक एका मार्चमध्ये लाल होऊन सोलू लागले, तेव्हा मी साबण बदलला, पाणी बदलले, बोअरच्या जड पाण्याला दोष देऊन झाला. शेवटी रक्तदाबासाठी नव्याने सुरू केलेल्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड असल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. त्याने काही जणांची त्वचा उन्हाला हळवी होते. मुरमांसाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिनही असे करते, असे त्यांनी नातवाच्या निमित्ताने सांगितले. गोळी मी स्वतःच्या मनाने बंद केली नाही. त्यांनी ती बदलून दिली आणि तीन आठवड्यांत हात पूर्ववत झाले. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना इतर सर्व गोळ्यांची यादी सोबत न्यावी, एवढ्यासाठी हे लिहिले.


टॅक्सीचालक, सोलापूर–पुणे

बारा वर्षे काचा बंद ठेवून एसीत गाडी चालवतो, म्हणून ऊन लागत नाही असे समजत होतो. बायकोने दाखवले की माझा उजवा गाल आणि उजवा हात डाव्यापेक्षा सरळसरळ काळा आहे आणि खाजतोही तोच. दाराच्या साध्या काचेतून भाजवणारे किरण फारसे येत नाहीत, पण यूव्हीए येतात, हे आता कळले. क्रीममुळे स्टिअरिंग निसरडे होते म्हणून हाताला गडद सुती बाही चढवतो आणि गालाला सकाळी एकदा, इंदापूरला चहाला थांबलो की एकदा, दोन बोटे मोजून लावतो. मुकादम साहेब, बाही उजेडासमोर धरून पाहिली. बारीक उजेड दिसतो आहे, दुसरी घ्यावी का?