सपोर्टवरचे एक्स्ट्रा टॉप बार म्हणजे ‘कन्सल्टंटचा नखरा’?

रिंगमास्तर (धागाकर्ता)
घर बांधताना लोखंड कसं वाचवायचं यावर एक पोस्ट कालपासून फिरतेय. त्यातले तीन सल्ले असे: कंटिन्युअस बीमला (सलग अनेक कॉलमवरून जाणाऱ्या) मधल्या कॉलमवर, म्हणजे सपोर्टवर, वरून जादा बार (सळया) घालणं हा कन्सल्टंटचा नखरा, त्यापेक्षा खालचे बार एक साइज जाड घ्या. घालायचेच तर दोन-दोन फूट पुरे. आणि पूर्वीसारखे क्रँक बार (मध्ये खाली, सपोर्टजवळ तिरके वर वळवलेले) आणा, एका सळईत दोन कामं. शेअर करणाऱ्यांत साइट इंजिनिअरही दिसले, म्हणून हा खटाटोप.

आयएस ४५६ चं (काँक्रीट बांधकामाचं भारतीय कोड) कोष्टक १२ उघडा. डेड लोडसाठी (बांधकामाचं कायमचं वजन) आतल्या गाळ्याच्या (दोन सपोर्टमधला भाग, म्हणजे स्पॅन) मध्यावर मोमेंटचा (वाकवणाऱ्या जोराचा) गुणक १/१६, आतल्या सपोर्टवर १/१२, टोकाच्या लगतच्या सपोर्टवर १/१०. बीम जास्त ताणला जातो तो सपोर्टवर, आणि तोही वरच्या अंगाला. खालचे बार तिथे दाबात असतात. ते २५ चे केले तरी वरची भेग थांबणार नाही. ही भेग फ्लोअरिंगखाली झाकलेली असते, म्हणून ‘आमच्याकडे कधी काही झालं नाही’ असं म्हणायची सोय होते.

लांबीचं बघू. चार मीटरच्या गाळ्यात मोमेंट उलटतो (ताण वरून खाली जातो) तो सपोर्टपासून साधारण ०.२१ एल वर (एल म्हणजे गाळ्याची लांबी), म्हणजे ८४५ मिमीवर. वरच्या लोखंडाचा किमान एक तृतीयांश भाग त्याच्याही पुढे डी (बीमच्या दाबाच्या कडेपासून ताणातल्या सळईपर्यंतची खोली), सळईचे १२ व्यास किंवा स्पॅनचा सोळावा भाग, यातलं जे मोठं असेल तितका न्यायचा. २३० बाय ४५० च्या बीमला डी ४०० धरा, म्हणजे झाले सव्वा मीटर. दोन फुटांत काय भागणार?

लेव्हलट्यूब
पोस्ट भंकस आहे, मान्य. पण तुम्हीही सगळं एकाच मापाने मोजताय. तो एक तृतीयांश भाग वरचे दोन थ्रू बारच (टोकापासून टोकापर्यंत सलग) पुरवतात. एक्स्ट्रा बार सव्वा मीटर न्यायची गरज नाही, तो मोमेंटच्या हिशेबाने बराच आधी तोडता येतो. तिथे प्रश्न उरतो डेव्हलपमेंट लेंथचा (काँक्रीटमध्ये पूर्ण पकड बसायला लागणारी सळईची लांबी): ५०० ग्रेडचं लोखंड आणि एम२५ काँक्रीटला ४९ व्यास, म्हणजे २० च्या बारला ९८० मिमी. एक्स्ट्रा बार एल/४ पर्यंत नेला तर झाला एक मीटर. बसलं की!

रिंगमास्तर
बसलं, चार मीटरला आणि एम२५ ला. एम२० असेल तर ५७ व्यास, ११४० मिमी. आणि तीन मीटरच्या गाळ्यात एल/४ म्हणजे ७५०. तिथेही एल/४ च मारणार का? ड्रॉइंगवर नुसतं ‘एल/४’ लिहून मोकळे होणाऱ्यांमुळेच हे होतं.

सहा_सूत
लांबीवर भांडताय, पण बार जागेवर राहतो का ते कोण बघतं? २३० च्या बीममध्ये दोन्ही बाजूंनी ३० कव्हर (लोखंडाबाहेरचं काँक्रीट) आणि ८ ची रिंग वजा केली की आत १५४ मिमी उरतात. २० चे चार बार एका थरात घातले तर मधली फट २५ सुद्धा भरत नाही. २० ची खडी असेल तर फट किमान २५ हवी, आणि ४० ची नीडल (काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर) तर वरून शिरतच नाही. मग बीम-कॉलमच्या जंक्शनखाली हनीकोंब (काँक्रीटमध्ये पोकळ्या). म्हणून वर तीन आणि बाकीचे दुसऱ्या थरात. तो दुसरा थर तारेने लोंबता बांधतात, काँक्रीट पडलं की ४० मिमी खाली बसतो. ३३० चा लिव्हर आर्म (वरचा ताण आणि खालचा दाब यांतलं अंतर) त्या बारांपुरता २९० वर आला, म्हणजे बारा टक्के ताकद गेली. दोन थरांमध्ये २५ च्या सळईचे तुकडे दर मीटरला आडवे टाकायचे, एवढंच काम आहे. पण फिटरचा रेट किलोवर, आणि हे तुकडे बिलात धरायला कोणी तयार नाही.

जुनाजाणता
क्रँक बारवर एवढा राग का? कित्येक इमारती त्यावर उभ्या आहेत.

रिंगमास्तर
खालची सळई वर वळवली की सपोर्टवर खाली उरतं काय? आयएस १३९२० (भूकंपासाठीच्या लोखंडाच्या मांडणीचं कोड) सांगतं, जंक्शनच्या तोंडाशी खालचं लोखंड वरच्याच्या निदान निम्मं हवं. भूकंपात मोमेंट आणि शिअर (कातरणारा जोर) दोन्ही उलटतात, तिरकी सळई एकाच दिशेला कामाची. म्हणून शिअरमध्ये ती धरायचीच नाही. २०१६ च्या भूकंपाच्या नकाशात पुणे-मुंबई झोन ३ मध्ये आहेत, तेव्हा हे ऐच्छिक नाही.

नऊ_इंची
१३९२० चा एवढा पुळका असेल तर त्याच कोडमध्ये कॉलमची लहान बाजू किमान ३०० किंवा बीमच्या सर्वांत जाड बारच्या वीसपट लिहिली आहे. २० चा बार म्हणजे ४०० चा कॉलम! तुमच्या ड्रॉइंगवर २३० चेच असतात ना? भिंतीबाहेर कॉलम दिसला की गिऱ्हाईक आर्किटेक्टला फोन लावतं.

सहा_सूत
आता मुद्द्यावर आलात. टोकाच्या कॉलममध्ये २० च्या वरच्या बारला ९८० अधिक १० व्यास, वळणाची सूट वजा जाता १०२० हवेत. २३० च्या कॉलममध्ये आडवे मिळतात जेमतेम १६५. उरलेले ८५५ खाली वळवायचे, म्हणजे शेपूट बीमच्या तळाखाली दीड फूट. आणि कॉलम तर तळापर्यंत आधीच भरलेला! मग फिटर शेपूट कापतो, नाहीतर वर वळवतो.

नऊ_इंची
म्हणून कॉलमची ४५० ची बाजू बीमच्या दिशेने ठेवायची, बीम ६०० खोल आणि बार १६ चे. शेपूट ४३० वर येतं, तळाच्या आतच संपतं. एवढं डोकं आम्हालाही आहे.

लेव्हलट्यूब
आणि आडव्या दिशेचा बीम त्याच कॉलमच्या २३० मध्ये शिरतो, त्याचं शेपूट कोणाच्या घरी पाठवायचं?

नऊ_इंची
मग प्रत्येक कोपऱ्यात ४०० चा चौकोन द्या आणि फ्लॅट स्वतःच विका. शुभेच्छा.

रिंगमास्तर
विषय एक्स्ट्रा टॉपचा होता हो. कॉलमला वेगळा धागा काढा. बाकी लहान बाजूबद्दल कोड नऊ इंचींच्याच बाजूने आहे, हे नाइलाजाने लिहितो.

गाळा_दुसरा
मध्येच विचारतो: पाच मीटर, मग दोन मीटरचा पॅसेज, पुन्हा पाच मीटर. पॅसेजमध्ये एक्स्ट्रा दोन्हीकडून अर्धा-अर्धा मीटर?

लेव्हलट्यूब
अजिबात नाही. एल/४ दोन्ही बाजूंना मोठ्या गाळ्याचा धरायचा, १२५० आणि १२५०; दोन मीटरमध्ये ते एकमेकांवर चढतात. तसंही अशा छोट्या गाळ्यात मध्यावरसुद्धा ताण वरच असू शकतो, आणि गाळ्यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक असल्याने कोष्टक १२ इथे लागू नाही. एक्स्ट्रा बार पॅसेजमधून न तोडता सलग न्या, पलीकडच्या पाच मीटरमध्येही १२५० आत. वरचा लॅप (सळयांचा जोड) पॅसेजमध्ये ठेवू नका, मोठ्या गाळ्याच्या मधल्या भागात घ्या आणि तिथे रिंगा १५० वर.