मुलुंडचं घर: दार नसलेलं स्वयंपाकघर आणि तीन अलार्म

प्रेषक: मंदार
विषय: मुलुंड, १ बीएचके, अलार्म कुठे? (रविवारच्या आत)

रविवारी सकाळी इलेक्ट्रिशियन येतोय. निखिल बुधवारी रात्री निघतो, त्याच्या बॅगेतून दोन स्मोक (धुराने वाजणारे) आणि एक हीट (उष्णतेने वाजणारा) अलार्म जाणार. तिन्ही इथले, ब्रिटनमधलेच, वायरलेसने एकमेकांशी जोडलेले (एक वाजला की तिन्ही वाजतात), सीलबंद लिथियम बॅटरीचे.

हॉल १६ बाय १० फूट, पंखा मधोमध, ४८ इंची. एका टोकाला स्वयंपाकघर (९ बाय ७, शेगडी पलीकडच्या भिंतीला), दुसऱ्या टोकाला गॅलरी. स्वयंपाकघराचं दार काढलेलं आहे. हॉलच्या लांब भिंतीतून पॅसेज निघतो, ७ फूट लांब, ३ फूट रुंद. आत शिरल्यावर लगेच बाथरूमचं दार, टोकाला बेडरूम. छत साडेनऊ फूट, स्लॅब, पीओपी नाही.

दार नाहीच तर हॉल आणि स्वयंपाकघर एकच खोली धरतो. हॉलमध्ये एक स्मोक, पॅसेजमध्ये एक, हीट अलार्म हॉल-स्वयंपाकघराच्या मधोमध. बरोबर ना? मेधाताई, अलार्म कुठे लावायचे याचा तुमचा तक्ता सापडत नाहीये.

---

प्रेषक: मेधा

एकच खोली धरू नकोस. दार काढलं, पण बीम काढलास का? मुंबईच्या इमारतीत त्या मोकळ्या जागेच्या वर बीम असतोच, बहुधा दीड फुटाचा. ब्रिटिश मानकात (बीएस ५८३९, भाग ६) छताच्या उंचीच्या १० टक्क्यांहून खोल बीम भिंतीसारखा धरतात. साडेनऊ फुटांचे १० टक्के म्हणजे साडेअकरा इंच. तुझा बीम त्याहून खोल असला तर छताशी जमणाऱ्या धुराच्या दृष्टीने तिथे भिंतच आहे. धूर आणि उष्णता आधी स्वयंपाकघराच्या छताशी साचतात, थर दीड फूट जाड झाला की मग बीमखालून हॉलमध्ये ओततात. मधोमध, म्हणजे बीमच्या तोंडाशी लावलेला हीट अलार्म तोवर गप्प बसेल. तो स्वयंपाकघरातच हवा: छताच्या मध्याजवळ, भिंतीपासून किमान ३० सेंमी, शेगडीच्या थेट वर नाही, लॉफ्टवरच्या पोकळीत तर मुळीच नाही. तिथे हवा अडून राहते. एक्झॉस्ट फॅनच्या समोरच्या पट्ट्यातही नको.

पॅसेज: बाथरूमच्या दाराच्या पलीकडच्या कडेपासून ३ फूट सोड, नाहीतर गरम पाण्याच्या वाफेने रोज सकाळी वाजेल. दार पॅसेजच्या तोंडापासून अर्धा फूट सोडून असेल आणि अडीच फूट रुंद असेल, तर कडा ३ फुटांवर येते, अधिक ३, म्हणजे ६. टोकाच्या भिंतीपासून १ फूट. म्हणजे छताच्या मध्यरेषेवर सहा फुटांच्या खुणेला एकच जागा उरते, तीच घे. बेडरूमच्या दाराला लागून आहे, ते तर हवंच. इलेक्ट्रिशियनला आधी टेपने मोजायला लाव, अंदाजाने नको.

---

प्रेषक: संजय

हॉलच्या अलार्मचं कोणी बोलत नाहीये. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून ३ फूट, असा अमेरिकी मानकाचा (एनएफपीए ७२) नियम आहे. पात्याचं टोक मध्यापासून २ फूट, अधिक ३, म्हणजे ५. हॉल १० फूट रुंद, मध्यापासून भिंत ५ फुटांवरच. म्हणजे पंख्याच्या दोन्ही बाजूंना जागा शून्य. लांबीत मात्र ८ उणे ५, म्हणजे प्रत्येक टोकाला ३ फूट, त्यातला भिंतीजवळचा १ फूट सोडा, उरते २ फुटांची पट्टी. स्वयंपाकघराकडची की गॅलरीकडची, एवढंच ठरवायचंय.

स्वयंपाकघराकडची पट्टी शेगडीपासून साधारण ९ ते ११ फुटांवर येते. शेगडीपासून १० फूट सोडायचे असतात, पण मोहरी-हिंगाच्या फोडणीला ते पुरत नाहीत. गॅलरीकडचीच घे, पण भिंतीपासून ३ फुटांच्या बाजूला, दाराच्या सरळ रेषेत नको. वारा धूर ढकलून देतो.

आयनीकरणाचे स्वस्त अलार्म अजून कोणाच्या कपाटात असतील तर ते मुंबईला पाठवू नका. आत किरणोत्सारी अमेरिशियम-२४१ असतं, भारतात असल्या वस्तू अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अखत्यारीत येतात. शिवाय त्यांना फोडणीचे सूक्ष्म कण चटकन कळतात आणि धुमसणारी गादी उशिरा. फोटोइलेक्ट्रिक किंवा ऑप्टिकल (प्रकाशाने धूर ओळखणारा) लिहिलेलाच घ्या.

---

प्रेषक: शिरीष

रेडिओ बाजू मी पाहतो, हे आपल्या ईमेल यादीवर ठरलेलं आहे. त्यामुळे मधे बोलतो. तुमचे ते वायरलेस अलार्म ८६८ मेगाहर्ट्झचे. भारतात परवाना नसताना वापरता येणारा पट्टा ८६५ ते ८६८. इथल्या अलार्मची वारंवारता बहुतेक वेळा ८६८ च्या थोडी वर, म्हणजे ८६८.३ वगैरे. पट्ट्याच्या बाहेर. अमेरिकेहून येणाऱ्या ९१५ वाल्यांची तर गोष्टच नको. तिथे भारतातली मोबाइल सेवा चालते. मंदारचा तिघांना जोडण्याचा बेत त्या बॅगेतून जायचा नाही. तुम्ही तांत्रिक पत्रक न वाचताच मागवता, हे मी स्पीकरच्या वेळीही म्हटलं होतं.

---

प्रेषक: संजय

शिरीष, स्पीकरचं नको. स्पीकरला परवाना नव्हे, प्लग बसत नव्हता.

---

प्रेषक: मेधा

जोडणी नको असेल तर नको, पण ती का हवी ते तरी बघा. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून हॉलमध्ये स्मोक, मजल्यागणिक पॅसेजमध्ये स्मोक, स्वयंपाकघरात हीट आणि सगळे जोडलेले, अशी सक्ती आहे. ती दुमजली घरांसाठीही आहे. ३७० चौरस फुटांच्या १ बीएचकेत ३ मीटरवर ८५ डेसिबल मिळतात, बेडरूमचं दार बंद असलं तरी पॅसेजमधला ऐकू येईल. स्वयंपाकघरातला हीट अलार्म मात्र बंद दाराआड क्षीण होतो. जोडणी हवीच असेल तर मुंबईतच २.४ गिगाहर्ट्झच्या झिगबीवर (घरातली उपकरणं जोडणारी वायरलेस पद्धत) चालणारा संच घ्या. नाहीतर निखिलच्या बॅगेत बिनवायरलेस मॉडेल द्या, ती स्वस्तही पडतात.

सीलबंद बॅटरीचा अलार्म तळावर (छताला लागणाऱ्या बेसवर) फिरवला की चालू होतो. म्हणून तळ वेगळा ठेवूनच भरा. सुटे सीआर१२३ए सेल असतील तर ते केबिन बॅगेतच, टोकांवर टेप लावून. चेक-इन सामानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चालत नाहीत.

---

प्रेषक: वसंतकाका, दादर

मुलांनो, लोहार चाळीतून (मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार) काही आणाल तर सावधान. तिथे गोल पांढरी पाचशे-सातशेची डबी "स्मोक डिटेक्टर" म्हणून मिळते. ती इमारतीच्या फायर अलार्मच्या २४ व्होल्ट डीसी पॅनेलला जोडायची असते. आत बॅटरी नाही, भोंगाही नाही. घरी छताला लावली तर दिवा लुकलुकतो किंवा तोही नाही, आणि आग लागली तरी आवाज येत नाही. विकणारा खोटं बोलत नसतो, तुम्ही विचारलेलं नसतं. विचारायचा प्रश्न: "स्टँडअलोन आहे का, भोंगा आणि बॅटरी आत आहे का?"

आणि सोसायटीने बसवलंय, मग घरात कशाला, असं सेक्रेटरी म्हणतील. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैला परवानाधारक एजन्सीकडून बी नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते इमारतीच्या यंत्रणेचं. तुमच्या स्वयंपाकघराशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

---

प्रेषक: अनिल (यादी व्यवस्थापन)

यादी दिवाळी कार्यक्रमाच्या नोंदणीसाठी उघडी ठेवली आहे याची आठवण. शक्य असल्यास हा विषय वेगळ्या धाग्यात.

---

प्रेषक: मेधा

अनिल, हा वेगळाच धागा आहे.

---

प्रेषक: सुनंदा मावशी

स्मोकचं ठीक, पण मंदार, तिथे कोण राहतं? सत्तरी ओलांडलेले दोघं ना? बहुतेक अलार्मचा आवाज ३००० हर्ट्झच्या वर असतो आणि वयाने ऐकू कमी येतं ते नेमकं तिथेच. ५२० हर्ट्झचा खालच्या सुराचा भोंगा झोपलेल्या, कमी ऐकणाऱ्या माणसाला लवकर उठवतो. नाहीतर उशीखालचा थरथरणारा पॅड जोडा. इथे तो वेगळा मिळतो.

गॅसचा अलार्मही घालणार असाल तर उंची चुकवू नका. सिलिंडर असेल तर एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीपासून ३० सेंमीवर. पाइपचा गॅस म्हणजे मिथेन, हलका, छताखाली ३० सेंमीवर. सिलिंडरवरून पाइपवर गेलेल्या घरांत जुना अलार्म ओट्याखालीच राहतो, मग पाइपची गळती त्याच्या डोक्यावरून निघून जाते. गॅस गीझर बाथरूममध्ये असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. स्मोक अलार्मला तो वायू कळत नाही.

---

प्रेषक: संजय

मावशी, बाथरूममध्ये नको, बाहेर पॅसेजमध्ये. वाफेने तो लवकर खराब होतो.

---

प्रेषक: सुनंदा मावशी

बाहेरच, मला तेच म्हणायचं होतं. आणि गॅस गीझर असेल तर आधी खिडकीची जाळी मोकळी आहे का तेवढं बघा.

---

प्रेषक: निखिल

मी बुधवारी निघतोय, हे ठरलं तर बॅग बंद करता येईल. वायफायवाला अलार्म पाठवू का? फोनवर सूचना येते म्हणे.

---

प्रेषक: शिरीष

येते. मुंबईत पहाटे ३ वाजता, इथे आदल्या रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा, उन्हाळा-हिवाळ्यानुसार. मग तू १०१ फिरवणार? इथून १०१ म्हणजे ब्रिटिश पोलिसांची बिगर-तातडीची लाइन. सूचना हवीच असेल तर शेजारच्या काकांचा, वॉचमनचा आणि सोसायटी ऑफिसचा नंबर +९१ सकट फोनमध्ये आधी साठव. आणि राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर वीज गेली की सूचनाही गेली. वायफाय अलार्म बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच जोडतात, हेही तपास.

---

प्रेषक: वसंतकाका, दादर

रविवारच्या माणसासाठी एवढं लिहून द्या.

स्लॅबमध्ये पंख्याच्या हुकापासून स्विचबोर्डच्या भिंतीकडे बहुधा सरळ पाइप गेलेला असतो. त्या रेषेवर भोक नको. एमसीबी बंद करून काम, ड्रिलसाठी शेजाऱ्याकडून वायर. तळ टेकवून दोन खुणा, ६ मिमीचा बिट, ३० मिमी खोल, गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) ठोकायची, स्क्रू. सळईला लागलं तर जोर न करता इंचभर बाजूला. वरचा मजला असेल आणि पावसात छत पाझरत असेल तर त्या ओल्या डागाखाली काहीच नको.

चिकट पॅडचं नाव काढू नका. डिस्टेंपर आणि चुन्यावर ते टिकत नाहीत, पावसाळ्यात रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतात.

अलार्म लावण्याआधी भुकटी पुसा. भुकटी आत गेली की पहिल्याच आठवड्यात खोटा वाजतो आणि मग लोक तो काढून ड्रॉवरमध्ये टाकतात. रंगकाम किंवा शेजारी तोडफोड सुरू असेल तर वर प्लास्टिकची टोपी, काम संपल्यावर त्याच दिवशी काढायची. पावसाळ्यात बारीक किडे आत शिरतात, मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने तीन महिन्यांनी फिरवा. ओल्या फडक्याने आतलं काही पुसू नका.

---

प्रेषक: मेधा

काकांच्या यादीत चाचणी राहिली. बटण महिन्यातून एकदा, तोवर दाबा की भोंगा पूर्ण वाजेल. बटण बॅटरी, सर्किट आणि भोंगा तपासतं. धूर आत पोचतो की नाही हे बहुतेक मॉडेलमध्ये तपासत नाही. उदबत्ती खाली धरून पाहू नका, तेलकट थर आत बसतो. चाचणीचा स्प्रे वेगळा येतो. मिनिटाला एकदा चिवचिव म्हणजे बॅटरी संपत आलीय, आग नाही. दोघांना हा आवाज फोनवर ऐकवून ठेव. मागची निर्मितीची तारीख १० वर्षांपूर्वीची झाली की सबंध अलार्म बदलायचा, बॅटरी बदलून भागत नाही.

दिवाळीचे फटाके आणि गणपतीतला धूप हे हॉलच्या अलार्मला वाजवणारच. गप्प करण्याचं बटण असलेलं मॉडेल घे, साधारण १० मिनिटं शांत राहून परत आपसूक जागं होतं. स्टुलावर चढायला लागू नये म्हणून झाडूच्या दांड्याने पोचेल असं मोठं बटण बघ. बॅटरी काढून ठेवणं हा उपाय नाही.

---

प्रेषक: मंदार

बीम मोजून घेतला, १७ इंच. म्हणजे ताई म्हणाल्या तेच, हीट अलार्म स्वयंपाकघरात.

निखिल, वायरलेसवाले तिन्ही बाहेर काढ. दोन बिनवायरलेस ऑप्टिकल, एक साधा हीट अलार्म, ५७-५८ अंशाच्या आसपास वाजणारा, आणि उशीखालचा बिनवायरलेस पॅड. अलार्मसोबत आलेले चिकट पॅड इथेच राहू देत. झिगबीचं नंतर बघू, आधी हे वाजायला हवेत.

संजय, गॅलरीच्या दाराची रेषा सोडून पट्टीत २ फूट डावीकडे सरकवतोय. चालेल?

---

प्रेषक: संजय

चालेल. पडद्याची दांडी तिथे नाही ना एवढं बघ.