खणाच्या साडीची लाट दिवाणखान्यात आणावी का?

प्रश्न
गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्यांची आवड नव्याने वाढली आणि आता तेच कापड उशांचे अभ्रे, टेबलावरचे रनर, तोरणे यांतही दिसू लागले आहे. पुण्यातील आमचा दिवाणखाना नव्याने सजवताना पडदे आणि सोफ्याची आवरणे खणाचीच करावीत असे मनात आहे. मात्र साडीची फॅशन ओसरली की घरही जुने वाटू लागेल का? आणि अंगावरचे कापड खिडकीवर चढण्याची ही रीत मुळात नवी आहे का?

प्रतिसाद १
रीत जुनी आहे, पण तिची दिशा एकच नाही. सतराव्या शतकात भारतातील रंगीत छिटे युरोपात आधी मुख्यतः पलंगाचे पडदे आणि भिंतींची आवरणे म्हणून गेली. लंडनच्या सॅम्युएल पेपीसने १६६३ मध्ये पत्नीच्या अभ्यासिकेच्या भिंतींसाठी असेच छीट घेतल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. पुढे ती अंगावर आली आणि इतकी लोकप्रिय झाली की स्थानिक विणकरांच्या दबावाखाली फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७२१ मध्ये त्यांवर बंदी घातली. याउलट पॅरिसचा वेशभूषाकार पॉल प्वारे याने १९११ मध्ये मुलीच्या नावाने 'मार्टिन' ही कार्यशाळा काढून घरासाठीची कापडे आणि भिंतीचे कागद तयार करवले. आपल्याकडील फॅबइंडिया या कापड-कपड्यांच्या कंपनीची सुरुवात मात्र छिटांप्रमाणे घरापासूनच, १९६० मध्ये गृहसजावटीच्या कापडांच्या निर्यातीने झाली. तयार कपडे नंतर आले.

प्रतिसाद २
इतिहास रंजक आहे, परंतु अडचण कापडाचीच आहे. कर्नाटकातील गुळेदगुड्डचा पारंपरिक खण चोळीसाठी विणला जात असल्याने त्याचा पन्हा अरुंद असतो. पडद्याला जोड द्यावे लागतात आणि ते नक्षी जुळवून न दिल्यास प्रत्येक जोड डोळ्यांत खुपतो. ताणा (उभे धागे) रेशमी असेल, तर पश्चिमेच्या उन्हात रंग उडतो आणि धागा विरतो, म्हणून अस्तर हवेच. माझ्या मते जाड सुती पडद्याला खणाचा रुंद काठ लावावा. खर्च कमी होतो आणि कंटाळा आला तर काठ उसवून बदलता येतो. यंत्रमागावरचे पॉलिएस्टरचे 'खण' मोठ्या पन्ह्यात मिळते, उन्हालाही टिकते, पण त्याची झळाळी मला तरी दिवाणखान्यात सोसवत नाही.

प्रतिसाद ३
पडद्यांबाबत सहमत आहे. फॅशन ओसरण्याची भीती मात्र मला फारशी पटत नाही, कारण खण हा एका हंगामाचा रंग नव्हे. साडीची लाट येण्याआधीही तो चोळीत आणि देवीच्या ओटीत होताच. नेमक्या त्याच कारणाने सोफ्याची बैठक त्याची करण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. ज्या खणानारळाने ओटी भरायची, त्यावर बसणे अनेकांना रुचत नाही. शिवाय सततच्या घर्षणाने बैठकीवरचे धागे लवकर सुटतील. पाठीच्या उशांना तो शोभेल आणि टिकेलही.