"तू कुठली?" विचारलं की मुलगी गप्प होते

नवीपाटी:
मी मदतकार्यात आहे. ढाका, नैरोबी, आता अम्मान. मुलगी ९ वर्षांची, ही तिची तिसरी शाळा. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "तू कुठली?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि मलाही पटकन सांगता आलं नाही. आता ती कुणाशी मैत्रीच करत नाही. म्हणते, "दोन वर्षांनी जायचंच आहे ना?" त्यात मला पुढची नेमणूक कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणची देऊ केली आहे. तिच्याशी काय बोलू? असं बालपण गेलेल्यांनी कृपया लिहा.

दूरदेशी:
माझं गेलं. वडील निर्वासितांच्या छावण्यांमध्ये पाण्याची व्यवस्था बघायचे. एकदा गोळीबार सुरू झाला म्हणून रातोरात निघालो, माणशी एक बॅग. मांजर मागे राहिलं. मी रडले नाही. वडील रोज घरदार गेलेल्या मुलांबद्दल सांगायचे. त्यांच्यापुढे मी मांजरासाठी कशी रडणार? ही लाज मी तिशीपर्यंत बाळगली. तुमच्या कामाचं मोठेपण मुलीला कळतं, ताई, म्हणूनच ती तक्रार करत नसेल. तिचं दुःख दुसऱ्या कुणाच्या दुःखाशी तोलू नका. तुम्हीच विचारा तिला, कोण आठवतं?

सांजवेळ:
समाजशास्त्रज्ञ रूथ हिल उसीम यांनी १९५० च्या दशकात भारतात काम करणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास केला, त्यातून 'थर्ड कल्चर किड्स' (आईवडिलांच्या देशाबाहेर वाढणारी मुलं) ही संज्ञा आली. पुढे अशा मुलांसाठी काम करणाऱ्या डेव्हिड पोलॉक यांनी निघण्याआधीच्या चार गोष्टी सांगितल्या: भांडणं मिटवणं, आभार मानणं, निरोप घेणं, पुढच्या जागेचा विचार करणं. आमच्याकडे निरोपच राहून जायचा, शेवटचा आठवडा सामान बांधण्यात संपायचा. आता मुलगा जागांचाही निरोप घेतो. जिना, झोपाळा, खिडकी. वेळ लागतो, लागू द्यावा.

नवीपाटी:
दूरदेशी, तुमचं वाचून रात्री विचारलं. लगेच म्हणाली, नैरोबीत तिला सांभाळणाऱ्या मावशी. आम्ही निघालो तेव्हा त्या गावी गेलेल्या, भेट झालीच नव्हती. आज फोन लावला. ती स्वाहिलीत बोलायला लागली. मला वाटलं होतं, विसरली असेल. नंतर खूप रडली. मी "उगी" म्हटलं नाही, नुसती जवळ बसले. नेमणुकीचं अजून सांगितलेलं नाही. शनिवारी सांगणार आहे, आणि होकार कळवण्याआधी तिचं ऐकणार आहे.